दुपारची वही

धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वही करा.
म्हणून दुधाच्या हिशोबाची वही उलटी धरली
आणि मागच्या पानांवर रकाने आखले:
केव्हा झोपले, केव्हा उठले,
उठल्यावर काय म्हणाले.

वैशाख. बाहेर सत्तेचाळीस.
नंदनवनच्या आमच्या गल्लीत कुत्रं
नळाखालच्या चिखलाला पोट लावून पडलेलं.
कूलरच्या नव्या ताट्यांचा ओला वास,
पंप गुळगुळतो, थांबतो, पुन्हा गुळगुळतो,
आणि ताटात भात अर्धा असतानाच
ह्यांची मान खाली येते.

चौतीस वर्षं ह्या माणसानं दुपार पाहिली ती उभ्यानं.
वीज मंडळाचे मीटर रीडर.
खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा,
जिन्याखालची कोळ्याची जाळी हातानं सारत
इतवारी, मस्कासाथ, लकडगंज.
लोक आत कूलरपुढे आडवे,
हे बाहेर त्यांच्या झोपेचे युनिट मोजत.

मला आधी वाटलं, थकबाकी आहे ही.
घेऊ दे व्याजासकट.

डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास,
तेवढी झोप औषधासारखी.
दोन-दोन तास व्हायला लागली,
महिन्या-महिन्यानं वाढत गेली, तर मला सांगा.
मी विचारलं, झोपतात म्हणून विसरतात,
का विसरायला लागले म्हणून झोपतात?
ते पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.
"काकू, ते आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही."
त्यानंतर तो माणूस मला आवडला.

ह्यांना त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले.
थेट दोनापर्यंत उतरले, कुठं अडखळले नाहीत.
आज वार कोणता, म्हटल्यावर
माझ्याकडे पाहिलं.

मग घड्याळ काढा, म्हणाले.
ह्यांनी गोल काढला, आत एका ओळीत पाच खिडक्या,
खिडकीत एकेक आकडा.
शेवटच्यासाठी लाल पेन मागितला.
"लाल आकडा धरायचा नसतो," डॉक्टरांना समजावून सांगितलं,
नव्या पोट्ट्याला सांगावं तसं.

पाचला उठतात ते थेट सकाळीच.
दात घासतात. "दूध आलं का वं?"
पहिले आठ दिवस मी भांडले,
पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन दाखवून.
पुढे चहाच ठेवायला लागले.
एका दिवसात दोन सकाळी, मिळतात कोणाला.

मृणाल पुण्याहून फोन करते: आई, उठव ना त्यांना, गजर लाव.
लावला.
गजरानं उठले, चपला घातल्या, दुपट्टा भिजवला,
मस्कासाथची बारी आहे म्हणे आज.
मी दारात आडवी बसले अर्धा तास.
त्या दिवशीच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

परवा वही घेऊन बसल्या-बसल्या
माझाच डोळा लागला.
जाग आली तर खोलीत राखेसारखा उजेड,
कूलरमधलं पाणी संपलेलं, पंप कोरडाच घरघरतोय.
जीभ जड.
मी म्हटलं, "दूध आलं का?"

हे खाटेवर ताठ बसलेले, चष्मा लावून,
वही मांडीवर.
"अवं, सांज झाली," म्हणाले,
आणि कितीतरी दिवसांनी खुदकन हसले.

ते पाणी भरायला बादली घेऊन गेल्यावर
मी पान पाहिलं.
माझ्या अक्षराखाली त्यांचे ते जुने तिरपे आकडे,
एकावर एक बरोबर बसवलेले:
१-२५ ते ५-४०.
नाव: पंचफुला.
शेरा: दार बंद होते. उद्या पुन्हा.